बर्फाखालचा मासा आणि बालाघाटची बन्सी

गोंयकाराला मासा आणि बर्फ यांचे नाते एकाच ठिकाणी ठाऊक असते. मडगावच्या किंवा पणजीच्या बाजारात इसवणाच्या अंगावर चुरलेला बर्फ पसरलेला असतो, आणि जाणकार गिऱ्हाईक तो बोटाने बाजूला सारून आधी माशाची कानशिले उघडून बघते. बर्फातले नुस्ते म्हणजे शिळे, अशी आपल्याकडची जुनी समजूत. उत्तरेकडच्या थंड देशांत मात्र हेच नाते वेगळ्या रीतीने जमलेले आहे. तिथेही बर्फ वर आणि मासा खालीच असतो. क्रम तोच! फरक इतकाच की तिथला मासा जिवंत असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला गोठलेल्या तळ्याला भोक पाडावे लागते.

फिनलंड, रशिया, कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडची राज्ये, इथे हिवाळ्यात तळी गोठली की लोक त्यांच्यावर जाऊन बसतात. हातभर लांबीची काठी, एक दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला धातूचा एक चकाकता तुकडा. हा तुकडा म्हणजे नकली आमिष. तो दुकानात मिळतोच, पण खरा शौकीन तो घरी बनवतो. दिवस लहान, बाहेर हिमवर्षाव, शेतात काम नाही. अशा वेळी तांब्याचा पत्रा कापत, ठोकत, घासत बसायचे. आपल्याकडे पावसाळ्यात जाळी विणत बसतात, तसेच काहीसे.

हा विषय वाचत असताना माझे मन सारखे एका भलत्याच गावाकडे धावत होते. ते गाव म्हणजे मध्य प्रदेशातले बालाघाट. तिथे तळी कधी गोठत नाहीत. मग बालाघाटच का? ते सांगतो. पण त्याआधी हा धातूचा तुकडा काय चीज आहे ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. पण गोठलेल्या तळ्यातल्या माशाचे आयुष्य याच एका नियमावर उभे आहे. चार अंशाचे पाणी तळाशी जाते, त्याहून थंड पाणी वर राहते आणि गोठते. बर्फ हलका म्हणून तरंगतो आणि तळ्यावर झाकण बसते. खाली मासा जिवंत राहतो, पण सुस्तावतो. त्याचे रक्त पाण्याइतकेच गार, पचन मंद. तो भक्ष्यामागे लांब धावत नाही. शिवाय वर बर्फ आणि बर्फावर हिम, म्हणजे उजेडही बेताचाच. अशा आळसावलेल्या, अर्ध्या अंधारातल्या माशाला जागचे हलवायचे तर काय करावे लागेल? त्याच्या नाकासमोर काहीतरी लुकलुकले पाहिजे, थरथरले पाहिजे आणि हळूहळू खाली गेले पाहिजे. होडी नाही, दूर फेकायला जागा नाही. हालचाल होणार ती फक्त भोकातून वर-खाली. म्हणून बर्फावरचे आमिष उभ्या हालचालीसाठी घडवलेले असते. झटका दिला की वर उसळावे आणि सोडले की पानासारखे झोके खात खाली यावे.

हे झोके कुठून येतात? पत्र्याच्या वाकातून. तांब्याचा किंवा पितळेचा लांबट तुकडा कापायचा, लाकडाच्या ठोकळ्यात खळगा कोरून त्यात ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने ठोकत ठोकत त्याला चमच्यासारखी खोली द्यायची. काही जण तांब्याची आणि पितळेची पट्टी एकमेकींना डाख लावून जोडतात, म्हणजे एक बाजू लालसर आणि दुसरी पिवळी चमकते. खालच्या टोकाला गळ, वरच्या टोकाला कडी. मग ते पाण्याच्या बादलीत सोडून बघायचे. सरळ दगडासारखे गेले तर पुन्हा ठोकायचे. आपल्या तांबटाला हे काम दाखवले तर तो म्हणेल, यात काय विशेष? आणि त्याचे बरोबरच असेल. कसब हाताचे आहे तितकेच नजरेचे. त्या तळ्यातला मासा काय खातो, किती खोलीवर खातो, हे ठाऊक नसेल तर उत्तम घडवलेला तुकडाही नुसता दागिना ठरतो.

रशियात एक इवलेसे आमिष आहे, मॉर्मिश्का नावाचे. शिशाचा किंवा टंगस्टनचा, कधी ज्वारीच्या तर कधी वाटाण्याच्या दाण्याएवढा थेंब, त्यात गळ बसवलेला. हे नाव आले ‘मॉर्मिश’ या तिकडच्या बोलीतल्या शब्दावरून. मॉर्मिश म्हणजे गोड्या पाण्यातला एक बारीक, कोळंबीच्या गोतातला किडा. मासे तो आवडीने खातात. म्हणजे कुणीतरी आधी माशाचे पोट फाडून आत काय आहे ते पाहिले, मग त्या किड्याची हालचाल पाण्यात बघितली, मग ती धातूत उतरवली. आमिषाच्या नावातच त्या पाण्याचा अभ्यास साठवलेला आहे! आर्क्टिकमधले इनुइट लोक तर धातूशिवायही हेच करत आले. हाड आणि वॉलरसचे सुळे कोरून केलेली त्यांची आमिषे आज संग्रहालयांत बघायला मिळतात.

चमच्याच्या आकाराच्या आमिषाची एक गमतीची कथा अमेरिकेत सांगतात. ज्यूलियो ब्यूएल नावाचा एक तरुण होडीत बसून जेवत होता, त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, आणि झोके खात बुडणाऱ्या त्या चमच्यावर एका मोठ्या माशाने झडप घातली. घरी जाऊन त्याने चमच्याची दांडी कापली, गळ जोडला आणि एक धंदा उभा राहिला. कथा खरी असो वा रचलेली, ब्यूएलने १८५२ साली अशा आमिषाचे पेटंट घेतले हे मात्र खरे. पुढे वीस-एक वर्षांतच हा चमचा आपल्या दाराशी येऊन ठेपला. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्यात होता. त्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि १८७३ साली ते मंगळूरला छापले गेले. पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांतला महसीर चमच्यावर कसा घ्यावा, याची चर्चा त्यात आहे. गोव्याच्या दक्षिण सीमेपासून मंगळूर कितीसे दूर? भारतात गळाने मासे मारण्यावरचे पहिले मोठे इंग्रजी पुस्तक आपल्या इतक्या शेजारी तयार झाले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

इंग्रजी पुस्तक म्हणतो ते एवढ्यासाठी, की त्याच्याही साडेसातशे वर्षे आधी हा विषय इथल्याच एका राजाने संस्कृतात लिहून ठेवला होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. मराठी माणसाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यात आढळणाऱ्या मराठी गीतांच्या तुकड्यांमुळे. गोंयकाराला तर तो आणखी जवळचा वाटायला हवा. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी मैळलदेवी ही चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची कन्या, आणि सोमेश्वर हा त्याच विक्रमादित्याचा पुत्र. म्हणजे ग्रंथकर्ता आपल्या कदंब राजाचा मेहुणा झाला!

या ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. राजाने करमणूक म्हणून मासे कसे धरावे याचे ते शास्त्र. त्यात पस्तीसच्या आसपास मासे सांगितले आहेत. कोणता समुद्राचा, कोणता नदीचा, कोणाला खवले आहेत आणि कोणाला नाहीत, कोण कुठल्या पाण्यात राहतो. पण खरा भर आहे तो माशाला खाऊ घालण्यावर. पीठ-पेंडीचे गोळे, भात, मांस. ज्याला जे रुचते ते, ठरावीक जागी टाकत राहायचे. मासा त्या जागेला सरावला की मग गळ. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाचा अभ्यास करून ते जगापुढे मांडले. नाहीतर आपण आपले गाण्यांचे तुकडे मोजत बसलो असतो.

इथे एक गोष्ट लक्षात येते. उत्तरेकडचा माणूस माशाच्या डोळ्याला फसवतो, तर आपला माणूस त्याच्या नाकाला आणि जिभेला बोलावतो. असे का झाले असावे? मला वाटते, याचे साधे उत्तर जमिनीत आहे. हिवाळ्यात जिथे माती दगडासारखी गोठते, तिथे गांडुळे आणायची कुठून? किडे नाहीत, बेडूक नाहीत. मग आमिष हाडातून नाहीतर धातूतून घडवणे भाग आहे. आपल्याकडे पावसात अंगणात कुदळ मारली की मूठभर गांडुळे हाती येतात. घरात पीठ आहे, मानशीवर सुंगटे आहेत. खरे आमिष बारा महिने फुकट मिळत असताना खोटे कोण घडवणार? आपल्या भाषेनेही याची खूण जपली आहे. ‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस; सामिष-निरामिष भोजनात तो अजून तसाच आहे. पण मराठीत नुसते ‘आमिष’ म्हटले की आपल्याला मांस आठवत नाही, मोह आठवतो. गळाला लावायच्या मांसाच्या तुकड्यावरून हा शब्द थेट निवडणुकीच्या आश्वासनांपर्यंत आला!

आता बालाघाटकडे वळू. गोव्यापासून सरळ रेषेत मोजले तर सुमारे हजार किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी हा जिल्हा आहे. इंग्रजांनी १८६७ साली मध्य प्रांतात तो तयार केला. त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ वेगळा होऊन तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. पण वैनगंगा सीमा मानत नाही. ती सिवनीत उगम पावते, बालाघाटातून वाहते आणि मग भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असे जिल्हे ओलांडून वर्धेला मिळते. तिच्या काठच्या बोलीत मराठी, पोवारी आणि हिंदी अशा मिसळून गेल्या आहेत की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये. सीमेवरच्या भाषेचे दुखणे गोंयकाराला वेगळे समजावून सांगायला नको.

हा जिल्हा तांब्याचा. १८७० साली तिथल्या गुंगेरिया या खेड्यात गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून वर आलेला धातू दिसला, आणि खणल्यावर ४२४ तांब्याच्या वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचे वजन पावणेचारशे किलोच्या घरात. भारतात सापडलेल्या प्राचीन ताम्रनिधींमध्ये हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला तो मानतात. सपाट कुऱ्हाडी, लांब पट्टीसारखी छिन्नीवजा हत्यारे, आणि चांदीत गोल चकत्या व बैलाच्या मुखासारखे आकार. गंगा-यमुनेच्या दुआबात याच धर्तीच्या निधींत तांब्याचे काटेरी भाले मिळतात आणि ते मासे मारायला वापरत असावेत असे अभ्यासक म्हणतात. गुंगेरियाच्या निधीत तसले भाले नाहीत. त्याच जिल्ह्यात मलाजखंड इथे देशातली एक अग्रगण्य तांब्याची खाण आहे. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा हा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला.

म्हणजे बघा, उत्तरेकडचा कोळी ज्या धातूसाठी जुनी भांडी आणि पाइपांचे तुकडे जमवत फिरतो, तो धातू या जिल्ह्याच्या पोटात साठलेला आहे. आणि तरीही इथल्या मासे मारणाऱ्याने आपले नाव कशावरून घेतले? बांबूवरून! रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ढीमर समाजाच्या पोटजाती कामावरून कशा पडल्या ते दिले आहे. शिंगाडे लावणारे ते सिंगाडिया, झिंगे धरणारे ते झिंगा, आणि बन्सीने म्हणजे गळाच्या काठीने मासे धरणारे ते बन्सिया. जाळे तर सारेच टाकतात. पण काठी आणि दोरा घेऊन एकेका माशाशी झुंजणाऱ्यांची स्वतंत्र ओळख व्हावी इतकी ती विद्या मोठी मानली गेली होती. मराठीत आपण ज्यांना ढीवर म्हणतो तेच हे लोक, वैनगंगेच्या अल्याड-पल्याडचे.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने मी वारासिवनीला गेलो होतो. हा भाग धानाचा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. धान म्हटले की तलाव आलेच. अशाच एका तलावाच्या पाळीवर एक म्हातारा बन्सी टाकून बसलेला दिसला. काठी घरच्या बांबूची, तरंगायला मोराच्या पिसाचा दांडा, आणि शेजारी पळसाच्या पानावर भाजलेल्या चण्याच्या पिठाचा गोळा. त्यात काय काय घातले आहे, असे विचारले. तो हसला आणि म्हणाला, “पीठ कायचंबी चालते भाऊ. पानी समजलं पायजे.” एवढे बोलून तो पुन्हा पिसाकडे बघू लागला. मी तिथे तासभर बसलो. त्याने त्या तासात तीन वेळा जागा बदलली. एकदा वारा फिरला म्हणून, एकदा सावली सरकली म्हणून, आणि एकदा का ते मला शेवटपर्यंत कळले नाही. मानसोल्लासातला पिठाचा गोळा त्या पानावर होता. राजा गेला, त्याचे साम्राज्य गेले, कल्याणी आज बसवकल्याण झाले. माशाला काय आवडते ते मात्र चुकले नव्हते.

पण पाणी बदलले होते, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथेच आहे. या पट्ट्यातले तलाव पूर्वी मालगुजारांचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले, आणि पुढे मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. जमीनदारी गेली हे चांगलेच झाले. पण तलावाची देखरेख करणारा हात आणि तलावातून खाणारा हात यांच्यामध्ये आता कचेरी आली. मग १९५७ साली ओरिसातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी मोठ्या कार्प माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. (रसेलचे सहकारी हिरालाल वेगळे, हे वेगळे. मत्स्यव्यवसायाच्या इतिहासात दोन हिरालाल लक्षात ठेवावे लागतात!) तो दिवस होता १० जुलै, आणि त्याची आठवण म्हणून हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. शोध थोर होता. त्याने कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आला. पण गावोगावच्या तलावांत कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज पडू लागले, तसा स्थानिक माशांचा हिशेब कुणाच्या वहीत राहिला नाही. मरळ, मांगूर, शिंगी आणि कित्येक बारीक मासे. प्रत्येकाची जागा वेगळी, खाणे वेगळे, गळ वेगळा.

मरळाचेच घ्या. हा मासा आपल्या पिल्लांना जपतो. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर भुरभुरत असतो आणि त्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतात. थव्यावरून बेडूक नेला तर मरळ भुकेने नव्हे, रागाने धावून येतो. आज शहरी हौशी मंडळी रबरी बेडूक घेऊन हाच खेळ खेळतात. पहारेकरी गेला की ती पिल्ले इतरांच्या तोंडी पडतात. म्हणून मासा कसा फसतो ही अर्धी विद्या, आणि कधी फसवू नये ही उरलेली अर्धी. दुकानातल्या पुडक्यात पहिली अर्धी मिळते. दुसरी पाण्याकाठी बसलेल्या माणसाकडून घ्यावी लागते.

थंड देशांनाही आपल्या विद्येचा असाच दुसरा अर्धा भाग शिकावा लागला. घरगुती आमिष घडवणाऱ्याचा लाडका धातू होता शिसे. ते चुलीवर वितळते आणि लाकडाच्या साच्यातही ओतता येते. पण दोरा तुटला की शिसे तळाशी राहते, हंस ते खडे समजून गिळतात आणि विषबाधा होऊन मरतात. ब्रिटनने १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिसवी वजनांच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतल्या काही राज्यांनीही निर्बंध आणले. म्हणून आज टंगस्टन आले, ते शिशाहून जड आणि बिनविषारी. पण ते घरच्या चुलीवर वितळत नाही, त्याला साडेतीन हजार अंशांजवळ तापमान लागते. पाणी वाचवायचे तर हातातली कला थोडी कारखान्याकडे द्यावी लागली. हा सौदा तिथल्या लोकांनी पत्करला. आपल्या पागेराच्या घेराला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांबद्दल आपण अजून बोललेलोही नाही.

बालाघाटच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्राच्या बाजूला, एक आशेची गोष्ट घडते आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढीवर समाजासोबत तलावांवर काम करते. तलावात माजलेली बेशरमाची झुडपे उपटायची, माशांना अंडी घालायला लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, आणि स्थानिक मासे परत येऊ द्यायचे. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान आले कुठून? ढीवरांच्या जुन्या जाणत्या बायका-पुरुषांकडून. म्हणजे जी नजर एके काळी मासा धरण्यासाठी कमावलेली होती, तीच आता तलाव जगवायला उपयोगी पडली! बन्सीवाल्याला पाण्याबद्दल जे कळत होते, ते त्याच्या काठीपेक्षा कितीतरी मोलाचे होते हे यातून सिद्ध होते.

आणि आपण? गोव्यात गरी अजून आहे. सांजवेळी पुलांच्या कठड्यांवर, जेटीवर, मानशीच्या तोंडाशी गरी घालून बसलेली माणसे दिसतात. तरुणांच्या हातात आता परदेशी बनावटीच्या काठ्या आणि रंगीत प्लास्टिकचे मासे आहेत. चोणक त्यांनाही फसतो, मला त्याचे वाईट वाटत नाही. पण शेवट्याला कुठली पिठाची गोळी, काळुंदराला काय, भरतीच्या कुठल्या घटकेला कुठल्या तोंडावर बसायचे, हे सांगणारे आवाज कमी झाले. खाजनाचा बांध फुटतो तेव्हा खारे पाणी शेतात शिरते, आणि बांधाच्या आत-बाहेरच्या माशांचे शेकडो वर्षांचे वेळापत्रकही मोडते. त्या वेळापत्रकाची लेखी प्रत कुठल्याही कोमुनिदादीच्या दप्तरात नाही. ते फक्त काही माणसांच्या डोक्यात आहे.

गुंगेरियाचे तांबे साडेतीन-चार हजार वर्षे मातीत पडून राहिले आणि तरी सापडले. धातूचे तसे असते. इनुइटांची हाडाची आमिषेही काचेच्या कपाटात टिकली. आपले आमिष पडले पिठाचे. ते पाण्यात विरघळते, माशाच्या पोटात जाते, मागे काही उरत नाही. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला ते लिहून ठेवावेसे वाटले म्हणून आपल्याला कळले तरी. राजाकडे लेखनिक होते. आपल्याकडे वही आहे, पेन आहे, आणि आता तर खिशातल्या फोनमध्ये आवाज साठवायचीही सोय आहे. घरात, वाड्यावर कुणी गरीकार असतील तर एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. गोळीत काय घालता, ते विचाराच. त्याच्या पुढचे, पाण्याचे, ते आपण होऊन सांगतील. ते लिहून घ्या. माशाचे नाव ते घेतील तसेच लिहा, शुद्धलेखन मागाहून बघू.